पंच कोणी नेमायचा?

३ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकरी स्वतःच मतदान घेणार होते. मतपत्रिका छापून तयार होत्या. विधानसभेला गावातून भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर यांना ८४३ मते पडल्याचे निकालात दिसले होते आणि गावाचा हिशेब त्याच्याशी जुळत नव्हता. गंमत म्हणजे मतदारसंघ जानकरांनीच १३ हजारांवर मतांनी जिंकला होता. निवडून आलेलाच निकालावर शंका घेत होता! प्रशासनाने जमावबंदी लावली, बंदोबस्त वाढला, मतदान बारगळले आणि वर गुन्हे दाखल झाले.

अशा मतदानाला कायद्यात जागा नाही, हे प्रशासनाचे म्हणणे बरोबरच होते. कॅमेऱ्यांच्या गराड्यात, कोण कुठे जातो हे सगळ्या गावाला दिसत असताना झालेल्या मतदानाने सिद्ध तरी काय झाले असते? पण शंका जमावबंदीने मिटत नाही. मतदान यंत्राचा वाद बाजूला ठेवला, तरी निवडणूक घेणारा पंच कोणाचा हा प्रश्न उरतोच. अकलूजच्या आखाड्यातही पैलवान आपला पंच बरोबर घेऊन आला, तर प्रेक्षक कुस्ती सुरू होऊ देणार नाहीत.

अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत मात्र हा पंच लोक निवडून देतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. पदाचे नाव ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’. २००० साली फ्लोरिडात या पदावर असलेल्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या आणि बुश यांचा ५३७ मतांचा विजय त्यांच्याच सहीने जाहीर झाला. २०१८ मध्ये जॉर्जियाचे ब्रायन केम्प हे पद न सोडता गव्हर्नरपदासाठी लढले आणि जिंकले. आपल्याकडे असे घडले असते, तर रस्त्यावर टायर जळाले असते.

पण त्याच जॉर्जियात २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी फोनवरून ११,७८० मते ‘शोधायला’ सांगितली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर बधले नाहीत. २०२२ मध्ये ॲरिझोना आणि नेवाडात २०२० चा अध्यक्षीय निकाल नाकारणारे उमेदवार या पदासाठी उभे राहिले आणि पडले. पंच पक्षाचा असला, तरी त्याला घरी बसवायची सोय मतदाराच्या हातात आहे.

आपल्याकडे ती नाही. पंचाची निवडणूक इथे नकोच, पण म्हणून नेमणूक सरकारच्या मुठीत असावी असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये केंद्रीय निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांना बसवले. डिसेंबरात संसदेने कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आणला. तिघांत दोघे सरकारचे. महापालिकांसारख्या स्थानिक निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयुक्तांसाठी तर राज्यघटनेने समितीही सांगितलेली नाही. राज्यपाल नेमतात, म्हणजे मंत्रिमंडळ ठरवते. गोव्याने चक्क आपल्या विधी सचिवाकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून खरडपट्टी काढली.

सोलापूरकरांना याची झळ थेट बसली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेवर प्रशासक आला. त्याच महिन्यात प्रभाग पाडण्याचा अधिकार राज्य सरकारने कायदा करून आयोगाकडून स्वतःकडे घेतला. ओबीसी आरक्षणाचा खटलाही रेंगाळला, हे खरे. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला आणि मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले. जवळपास चार वर्षे गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता.

तेव्हा जिल्ह्यातल्या आमदारांनी, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, विधिमंडळात दोन मागण्या लावून धराव्यात. प्रभागरचना आयोगाकडे परत द्यावी. आणि राज्य निवडणूक आयुक्त मुख्यमंत्री, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व विरोधी पक्षनेता यांच्या समितीने निवडावा. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले, म्हणून कायद्यात ‘विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.