चर्च पाहा, नि इंग्रजीत लिहा!



'द चर्च इज व्हेरी बिग. इट इज व्हेरी ब्यूटिफुल.' चर्चवर इंग्रजीत निबंध लिहायचा म्हटला, की ही दोन वाक्यं होतात आणि मग पेन्सिल चावणं सुरू! व्याकरण बरोबर आहे. पण 'चर्च'च्या जागी 'पॅलेस' घाला, नाहीतर 'स्टेशन'. वाक्यं तशीच चालतात. म्हणजे चर्चबद्दल आपण काही सांगितलंच नाही!

यावर उपाय सोपा. बाहेरून आत जायचं आणि दिसेल त्याचं नाव लिहायचं. दर्शनी भिंत म्हणजे 'फसाड'. घंटेचा मनोरा 'बेल टॉवर', त्यावरचं निमुळतं टोक 'स्पायर'. कमान म्हणजे 'आर्च'. आत गेलात, की मधला लांबट भाग 'नेव्ह'. हा शब्द लॅटिन भाषेतल्या जहाजाच्या नावावरून आला. आपली 'नाव' आणि 'नौका' त्याच कुळातल्या! बाजूची वाट ती 'आइल'. स्पेलिंगमध्ये 'एस' आहे, पण उच्चारात नाही. समोरची वेदी म्हणजे 'ऑल्टर'.

आता हे वापरून बघू. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये राहणाऱ्यांना वसईचा किल्ला काही लांब नाही. विरारकडची लोकल पकडली, की भाईंदर, मग खाडी, नायगाव आणि वसई रोड. किल्ल्यात पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. त्यातल्या सेंट अँथनी चर्चचं वर्णन असं होईल:

'द चर्च स्टँड्स इनसाइड वसई फोर्ट. इट हॅज लॉस्ट इट्स रूफ, बट इट्स आर्चेस स्टिल स्टँड. देअर आर ओल्ड ग्रेव्हस्टोन्स इन द फ्लोअर. द मराठाज कॅप्चर्ड द फोर्ट इन १७३९.'

चारच वाक्यं, पण डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं ना? 'व्हेरी' एकदाही आलं नाही. आणि काळ पाहा. जे आज दिसतं ते वर्तमानकाळात, चिमाजी अप्पांच्या फौजेनं किल्ला जिंकला ते भूतकाळात. इमारत 'उभी आहे' म्हणताना 'इज स्टँडिंग' नको, 'स्टँड्स' हवं. ती काही थोडा वेळ उभी राहून बसणार नाही!

या रविवारी आईबाबांबरोबर जवळचं एखादं चर्च पाहा. प्रार्थना चालू असेल तर थांबा, विचारून आत जा. पाच वाक्यं लिहा. अट एकच : 'बिग' आणि 'ब्यूटिफुल'ला सुट्टी!