पणजोबांचा चाकू

माझ्याआधी आमच्या घरातले कुणी कॉलेजची पायरी चढले नाही. घरात जुने कागदपत्र नाहीत, वंशावळ नाही. आहे तो पणजोबांचा एक घडीचा चाकू. पाते, डबा फोडायचे हत्यार आणि दोरखंडाच्या गाठी सोडवायचे दाभणासारखे टोक, तिन्ही एकाच मुठीत मिटणारी. आजी सांगते, "मामंजींना लढाईत साहेबाने खूष होऊन बक्षीस दिला."

गेल्या दिवाळीत तेल लावून मी त्याचा गंज पुसला. पात्याच्या बुडाशी इंग्रजीत 'शेफील्ड', १९४२ आणि तीन रेघांचा वर रोखलेला बाण दिसला. शेफील्ड हे इंग्लंडमधले चाकूंचे गाव. १४ व्या शतकात चॉसरनेही तिथल्या चाकूचा उल्लेख केला आहे. आणि तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण! दुसऱ्या महायुद्धात असे चाकू सैन्याच्या सामानातून शिपायांना दिले जात. बक्षिसावर कुणी सरकारी बाण उमटवत नाही.

आजी जरा हिरमुसली. मला मात्र बरे वाटले. बक्षीस ही साहेबाची मर्जी; हा चाकू पणजोबांच्या नोकरीचा, म्हणजे कष्टाचा होता.

मित्रहो, इतिहास फक्त बखरींत आणि दप्तरखान्यांतच असतो असे मानले, तर आमच्यासारख्यांच्या घराला इतिहासच उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच: जुनी वस्तू मोडीत घालण्यापूर्वी तिच्यावरची खूण वाचा. ऐकीव गोष्ट कितीही लाडकी असली, तरी खुणेची साक्ष आधी घ्या.