अंड सुजलं तर लपवू नका



जबरानजोताच्या मोजणीला पुरुष कमी का आले, यावर बैठकीत बरीच बोलाबोली झाली. नंतर एकानं बाजूला घेऊन सांगितलं, अंड वाढलंय, धुऱ्यानं चालवत नाही. बायकोलाही बोलला नव्हता. म्हणून आज जमिनीऐवजी हे लिहितो.

हा देवाचा कोप नाही, करणीही नाही. अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं, त्याला हायड्रोसील म्हणतात. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे त्याचं मोठं कारण हत्तीरोग. घाण पाण्यातला डास चावून जंत अंगात जातात, सूज दिसते कित्येक वर्षांनी. जंताची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून तर रक्त घ्यायला माणसं रात्री येतात. त्यांना हाकलू नका. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणाऱ्यासमोरच गिळा, छपरात खोचून ठेवू नका. पण साचलेलं पाणी गोळीनं उतरत नाही, त्याला ऑपरेशनच. त्यानं मर्दपणा जात नाही. सुई टोचून पाणी काढणाऱ्याकडे जाऊ नका. पाणी परत भरतं, वर पू होतो.

तान्ह्या पोराची सूज बहुतेक वर्षभरात आपोआप जाते, तरी एकदा दाखवा. मोठ्या पोराला अचानक जोराची कळ आली तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आडवं झाल्यावर आत जाणारी सूज म्हणजे आतडं उतरलेलं. ती आत जाईना, दुखू लागली, ओकाऱ्या झाल्या, तर त्याच दिवशी निघा. टणक गाठ लागली तर न दुखली तरी दाखवा.

पुढच्या मोजणीआधी आपण मिळून तालुक्याच्या दवाखान्यात जाऊ. कार्यकर्त्याला 'माझंही नाव घ्या' एवढंच सांगा, कारण कोणी विचारणार नाही.