कायदा उंबऱ्याशी थांबतो

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुरबाड तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. सरकारी योजनेतले घरकुल, भिंतींचा रंग अजून ओला वाटावा इतके नवे. एकच खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून दार-खिडकी बंद. आजोबा खाटेवर बसून बिडी ओढत होते आणि चार पावलांवर झोळीत सहा महिन्यांची नात झोपली होती. सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत एकच विनंती होती : तुम्ही तरी काही बोला. आम्ही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो. ती नजर अजून मनातून गेलेली नाही.

अशा घरात कायदा काय सांगतो? मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे शहापूरचे सरकारी कार्यालय असो, आसनगाव स्टेशन असो की मुरबाडचा एसटी स्टँड, तिथे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण घरकुल सरकारी पैशातून बांधलेले असले तरी ते कुटुंबाचे खासगी घर. हा कायदा उंबऱ्याशी थांबतो.

अमेरिकेत सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांत २०१८ पासून खोलीच्या आतही सिगारेट आणि हुक्का बंद आहे. इमारतीपासून २५ फुटांच्या आतही ओढता येत नाही. ई-सिगारेट मात्र त्या राष्ट्रीय नियमातून सुटली. आपल्याकडे नेमके उलटे आहे. घरातल्या बिडीबद्दल कायदा गप्प. पण ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

तरीही ती घरात शिरते. वासिंद-आसनगावहून लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या सॅकमध्ये ती पेनसारखी दिसते. बिडीचा वास आईला दारातूनच कळतो. हिला आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास. “नुसती वाफ आहे, अम्मी,” असे मुलगा म्हणतो. पण त्या वाफेत बहुधा निकोटिन असते, आणि सवय तेच लावते. मुलावर हात उगारण्याआधी ती कोणी विकली ते त्याला विचारा. गुन्हेगार तो विकणारा आहे.

पुन्हा घरकुलाकडे येऊ. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर; म्हणजे पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद. एवढ्या जागेत पंखा धूर घालवत नाही, फक्त फिरवतो. त्या धुराने लहान मुलांना दमा, न्यूमोनिया आणि कानाचे दुखणे जडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितले की घरात दुसऱ्याचा धूर आपल्या वाट्याला येतो. नव्या इमारतींत ओढणारा गॅलरीत जातो, पण धूर वरच्या शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. तिथे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून जिना, लिफ्ट आणि गच्ची धूरमुक्त ठेवता येते.

कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, कारण त्या वासाचा इतरांना त्रास होतो. मग झोळीतल्या बाळाच्या श्वासात धूर सोडण्याबद्दल वेगळे काय सांगायला हवे? रमजानमध्ये पहाटेपासून मगरिबपर्यंत बिडीला हात न लावणारा माणूस नातीसाठी घरापुरती ती दूर ठेवू शकतो, यात आम्हाला शंका नाही.

मात्र हे सुनेने सांगायचे नाही, मुलाने सांगायचे. चारचौघांत नाही, एकट्यात, आणि आदराने : “अब्बा, घरात नको, बाळ आहे.” उघडीप असेल तर अंगणात, दारापासून दूर, त्यांची खाट टाकून द्या. आपल्याकडच्या पावसात अंगण कामाचे नाही, आणि पडवीतला धूर आतच येतो. म्हणून खरा उपाय सोडण्याचाच. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर त्यासाठी मदत मिळते. आजोबांना फोन लावता येत नसेल, तर नातवंडांपैकी कोणी लावून द्यावा आणि शेजारी बसून राहावे.

आम्ही त्या घरी पुन्हा जाणार आहोत. या वेळी चहा येण्याआधी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन बोलू.