रविवारचा वर्ग आणि विहिरीकडचं वावर

गेले तीन महिने दर रविवारी सकाळी मी लेखनाच्या वर्गाला जात होतो. घरात फक्त बायकोला माहीत होतं. बाकीच्यांना वाटायचं, मी बजाज चौकात भाजी आणायला जातो आणि तिथेच गप्पा ठोकत बसतो. तर मंडळी, आता सांगून टाकतो. चाळिशी कधीच ओलांडलेल्या माणसाने वही-पेन घेऊन वर्गात बसायचं म्हणजे जरा लाजच वाटत होती.

शिवाय माझं मत असं होतं की लिहिणं शिकवून येत नाही. असेल तर असतं, नसेल तर नसतं. मला ते आहे, असंही मी मनात धरून होतो. भाच्याच्या मुंजीत, मामांच्या पंचाहत्तरीला वगैरे मी जे लिहून वाचतो, त्याला टाळ्या पडतातच की! आता कळतंय, नातेवाईक टाळ्या वाजवतात कारण नंतर जेवायचं असतं. (ताई, रागावू नकोस.)

वर्गात आम्ही अकरा जण. सर निवृत्त शिक्षक. त्यांची पद्धत एकच. आपला लेख आपण वाचायचा नाही, शेजाऱ्याने मोठ्याने वाचायचा. आपण तोंड बंद ठेवून पेन्सिल घेऊन बसायचं आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण करायची. बस्स. पहिल्या दिवशी मला हा पोरखेळ वाटला.

सरांनी ही पद्धत कुठून घेतली ते त्यांनी दुसऱ्या रविवारी सांगितलं, आणि मी वर्ध्यात जन्म काढूनही मला ते माहीत नव्हतं. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं, मुलाने मराठी भाषांतर आणून दिलं तर तेही जड गेलं. मग तूच का करत नाहीस, असं ती म्हणाली. ती १९१८ मध्ये गेली. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले, आणि ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी ‘गीताई’ लिहायला घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पूर्ण झाली. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मला नवीन होतं. लिहून झाल्यावर त्यांनी ती आश्रमातल्या लहान मुलींच्या एका वर्गाला शिकवली, त्यांना कुठे अवघड जातं ते टिपून घेतलं आणि त्याप्रमाणे दुरुस्त्या केल्या. पुस्तक छापून आलं ते १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना.

विचार करा, एवढा संस्कृतचा व्यासंग असलेला माणूस, आणि पेन्सिल धरून बसला पोरींसमोर. चूक पोरींची नाही, ओळीची आहे, असं मानायला छाती लागते. माझ्यात ती नव्हती, हे पाचव्या रविवारी कळलं.

त्या दिवशी माझा लेख वाचायला आला. विषय होता आमचं देवळीकडचं शेत. सुरुवात अशी, ‘काळ्या मातीशी जुळलेली नाळ नियतीने एका क्षणात तोडली.’ मला हे वाक्य फार आवडलं होतं. वाचत होत्या एक अंगणवाडी सेविका. चांगलं वाचत होत्या. दुसऱ्या पानावर ‘भूमी हातून निसटली’ आलं आणि त्या थांबल्या. अडखळल्या नाहीत, थांबल्या. म्हणाल्या, ‘‘दादा, वावर गेलं म्हणता, पण गेलं कुठं? विकलं का? कोणं विकलं?’’

मी काही बोलायचं नाही हा नियम होता म्हणून वाचलो.

खरं असं आहे. १९९८ च्या जूनमध्ये बाबांनी विहिरीकडचं दोन एकर वावर विकलं ते माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी. त्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला ओसरीवर विचारलं होतं, ‘‘इकू का?’’ आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो होतो, ‘‘तुम्ही पाहा.’’ नियती वगैरे कुठेच नव्हती. कंदील होता, बाबा होते, मी होतो.

एवढे जड शब्द मी कशाला वापरत होतो ते त्या खुर्चीवर बसल्या बसल्या समजलं. शब्द जितका मोठा तितकं त्याच्यामागे लपायला सोयीचं. माझं आता स्पष्ट मत झालंय की लेखनाचा वर्ग प्रतिभा देत नाही, पण एक गोष्ट देतो जी घरात मिळत नाही. आपल्याला न ओळखणारा, आणि आपल्याला दुखेल की काय याची चिंता न करणारा वाचक. सरांनी मला काय शिकवलं असं विचाराल तर फारसं काही नाही. शिकवलं त्या बाईंनी, एका प्रश्नात.

आता सगळंच गोड होतं असंही नाही. आठव्या-नवव्या रविवारपर्यंत अकराही जण सारखंच लिहायला लागले. छोटी वाक्यं, सपाट, भाजीच्या यादीसारखी. मला लांब वाक्यं आवडतात, मी ती सोडणार नाही. एकाने ‘धुरा’ शब्दावर खूण करून घेतली, म्हणे पुण्या-मुंबईकडे कळणार नाही, ‘बांध’ लिहा. नाही लिहिलं. आमच्या वावराला धुराच आहे. अडखळलेला प्रत्येक वाचक बरोबरच असतो असं थोडंच आहे? असो.

शेवटचा वर्ग झाल्यावर गोपुरीला गीताई मंदिरात जाऊन आलो. लहानपणी शाळेची सहल गेली होती तेव्हा डबा खाण्यापलीकडे काही लक्षात राहिलं नव्हतं. वर छप्पर नाही, नुसत्या उभ्या शिळा, त्यांवर श्लोक कोरलेले. ऊन होतं. एका शिळेसमोर उभं राहून हळूच मोठ्याने वाचून पाहिलं, आणि एका ठिकाणी मीच अडखळलो :) त्या मुली माझ्यापेक्षा हुशार असणार.

लेख पुन्हा लिहिलाय. नाळ गेली, नियती गेली. पहिलं वाक्य आता जूनमधल्या त्या रात्रीचं आहे, बाबांच्या प्रश्नासकट आणि माझ्या उत्तरासकट. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना वाचून दाखवता येणार नाही. पण उरलेलं वावर दादा कसतो. त्या रात्री तो आतल्या खोलीत जागा होता की नाही हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

दादा, पोळ्याला येतोय. दोन पानं सोबत आणतो. तू मोठ्याने वाच, मी पेन्सिल घेऊन बसतो.