लाटेचे गणित लोकांसमोर मांडा

समुद्राची लाट जाळ्यात पकडता येते काय? हा प्रश्न कवींचा नव्हे, अभियंत्यांचा आहे. आणि ज्यांची घरे, होड्या व खाजने पाण्याच्या कडेला आहेत, त्या आम्हा सर्वांचा आहे. बंदर, जेट्टी वा लाटा अडविणारी भिंत यांच्या प्रस्तावांसोबत संगणकीय प्रतिमानांचे अहवाल येतात. ‘संगणकाने दाखविले आहे’ एवढे म्हटले की शंका घेणारा अडाणी ठरतो. म्हणून हे गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

पाण्याने व्यापलेली जागा लहान चौकटींच्या जाळीत विभागावयाची आणि प्रत्येक चौकटीतील वेग व दाब क्षणाक्षणाला काढावयाचा, ही मूळ कल्पना. भरून वाहणाऱ्या नळाला ती सहज लागू पडते. समुद्राचे तसे नाही. त्याचा पृष्ठभागच हलता. पाणी कोठे संपते व हवा कोठे सुरू होते, हेही गणितानेच शोधावयाचे असते. ज्या लॉस आलामॉसमध्ये अणुबाँब घडला, तेथेच हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली यावर तोड काढली. पाण्यासोबत वाहणारे खुणेचे कण गणितात सोडावयाचे आणि ते असतील तेथे पाणी मानावयाचे. १९८१ साली हर्ट व निकोल्स यांनी कणांऐवजी चौकट किती भरली आहे, हा अपूर्णांक धरला. ० म्हणजे रिकामी, १ म्हणजे भरलेली. मधली संख्या म्हणजे पृष्ठभाग.

ही विद्या उपकारक आहे, यात वाद नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर २००७ साली हैदराबादेत उभे राहिलेले इशारा केंद्र अशाच जाळीवरील गणिताचा आधार घेते. मात्र तेथे प्रत्येक चौकटीला पाण्याची एकच उंची असते. दूरवर जाणाऱ्या लांब लाटेला ते पुरते. भिंतीवर कोसळून फुटणारी लाट त्यात दिसत नाही. चौकटीची बाजू निम्मी केली, तर त्रिमितीत चौकटी ८ पट होतात, काळाची पावलेही बहुधा दुप्पट घ्यावी लागतात आणि काम १६ पट वाढते. खर्च वाचविण्यासाठी जाळी मोठी घेतली, की खाडीचे अरुंद मुख आणि मानशीचे दार तिच्यातून निसटते. मग उत्तर सुबक येते. पण ते आमच्या गावाचे नसते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जनसुनावणीपूर्वी जाळी केवढी, खोलीची मोजमापे कोणत्या वर्षीची, पावसाळ्यातील प्रत्यक्ष निरीक्षणांशी उत्तर ताडले काय, हे मराठीत व कोकणीत जाहीर व्हावे. मानस राखणाऱ्याला आणि रापण ओढणाऱ्याला भरती-ओहोटीविषयी विचारले जावे. परकीय सत्तेचा हुकूम निमूट मानावयाचा नाही, म्हणून ज्या भूमीतील माणसांनी तुरुंग पाहिला, त्यांनी यंत्राचा हुकूम निमूट का मानावा? गणिताला आमचा विरोध नाही. झाकलेल्या गणिताला आहे.