शिक्षक कमी बोलणार, मग शिकवणार कोण? ‘प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग’ समजून घ्या

इंजिनीअरिंग कॉलेजांच्या जाहिरातींत हल्ली ‘प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग’ हे शब्द दिसतात. पद्धत चांगली आहे. पण शिक्षकाचं काम बदललं नाही, तर ती नावापुरतीच उरते.

ही पद्धत काय आहे?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९६९ मध्ये ती सुरू झाली. एरवी आधी धडा, मग उदाहरण. इथे उलट. आधी रुग्णाची तक्रार समोर येते. छोटा गट त्यातलं काय माहीत आहे, काय शोधायचंय हे ठरवतो, अभ्यास करतो आणि पुन्हा भेटतो. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये स्थापनेपासूनच इंजिनीअरिंगही अशाच धर्तीवर शिकवलं.

मग शिक्षक काय करतो?

समजा, होस्टेलच्या टाकीचा पंप सारखा ट्रिप होतोय. शिक्षक कारण सांगून मोकळा होत नाही. तो विचारतो, ‘करंट मोजला का? व्होल्टेज कमी असेल तर मोटरचं काय होईल?’ गट भरकटला तर त्याला किती वेळ चुकू द्यायचं, गप्प बसलेल्याला कधी बोलतं करायचं, हेही त्यानेच ओळखायचं. फळ्यावर उत्तर लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे.

मुलांना मोकळं सोडलं तर?

कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी २००६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. पाया कच्चा असलेल्या विद्यार्थ्याला फारसं मार्गदर्शन नसेल, तर तो गोंधळतो. पुढच्याच वर्षी या पद्धतीच्या समर्थकांनी उत्तर दिलं की, इथे मार्गदर्शन भरपूर असतं, फक्त ते लेक्चरसारखं दिसत नाही. म्हणजे शिक्षकाची गरज दोन्ही बाजूंना मान्य आहे.

घोडं अडतं कुठे?

६० मुलांचा वर्ग, आठ गट, एक शिक्षक आणि एक तासाचा पिरियड. प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम साडेसात मिनिटं येतात. त्यात शिक्षकाचं काम लेक्चरच्या तासांवर मोजलं जातं आणि मार्क मिळतात ते शेवटच्या पेपरला. मग बाजारातून तयार प्रोजेक्ट येतो, एकजण फाइल करतो, बाकीचे नाव घालतात. दोष मुलांना देणं सोपं आहे, पण ही व्यवस्थाच त्यांना तिकडे ढकलते.

म्हणून प्रवेश घेताना लॅबच्या फोटोंवर जाऊ नका. एवढंच विचारा: एका शिक्षकाकडे किती गट असतात आणि तो त्यांना आठवड्यातून किती वेळ देतो?